बिघाड आणि अपराध

आपल्या भाषेत 'बिघडणे' हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. घड्याळ बिघडते, दूध बिघडते, पोट बिघडते आणि शेजाऱ्याचा मुलगाही बिघडतो. क्रियापद एकच, पण ते ऐकल्याबरोबर आपल्या मनात उठणारा प्रश्न मात्र दर वेळी एकच नसतो. घड्याळ बिघडले म्हटले की आपण विचारतो, कुठे बिघडले? मुलगा बिघडला म्हटले की विचारतो, कोणी बिघडवला? आणि जरा अधिक निष्ठुर असलो तर काहीच विचारीत नाही. मान हलवतो आणि पुढे जातो. पहिल्या प्रश्नात शोध आहे, दुसऱ्यात आरोप आहे. यंत्राच्या वाट्याला शोध यावा आणि माणसाच्या वाट्याला आरोप, हा व्यवहार न्यायाचा आहे काय? गेल्या दिवाळीत आमच्या परळच्या घरी एक गाणारा डबा गाता गाता अडला नसता, तर हा प्रश्न मला पडलाही नसता.

डबा म्हणजे बोलल्यावर ऐकणारा स्पीकर. ॲमेझॉनने असा पहिला स्पीकर अमेरिकेत २०१४ साली आणला. आपल्याकडे तो २०१७ साली आला, पुढच्या वर्षी गूगलचा आला, आणि आता अनेक घरांत पाण्याच्या माठाइतका तो सवयीचा झाला आहे. त्याला ठरलेल्या नावाने हाक मारावयाची आणि हुकूम सोडावयाचा. तो गाणे लावतो, गजर लावतो, उद्या पाऊस पडेल काय ते सांगतो. आमचा डबा कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे दिसेल की त्या बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

तसे पाहिले तर आवाजाने हुकूम सोडण्याचे परळला नवल नाही. फरक आहे तो दिशेचा. एके काळी या भागात भोंगा होत असे आणि माणसे उठत. भोंगा होई आणि माणसे डबे घेऊन गिरणीच्या दाराकडे धावत. तेव्हा यंत्राने हाक मारावयाची आणि माणसाने चालावयाचे, असा रिवाज होता. आज त्याच जागी उभ्या असलेल्या उंच इमारतींतून माणूस हाक मारतो आणि यंत्र चालते. आमच्या आबांच्या एका आयुष्यात हे दोन्ही बसले.

आबा, म्हणजे माझे वडील, आता ऐंशीच्या घरात आहेत. १९६५ साली ते बदली कामगार म्हणून गिरणीत लागले ते साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात. सतरा वर्षे साच्यांवर काढल्यावर १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा आत गेले नाहीत. मग कुठे राखणदारी, कुठे पुडक्या बांधण्याचे काम, असे करीत त्यांनी आम्हा दोघा भावांना वाढवले. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. पण घरात त्यांची ख्याती एकच: आबा ऐकत नाहीत. 'ऐकत नाहीत' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, आणि आम्ही त्यांतला दुसराच धरून चाललो होतो.

डबा आणला माझ्या पुतणीने. ती इंजिनिअरिंग शिकते. आबांना गीतरामायणाचे वेड आहे हे तिला ठाऊक होते. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ती छप्पन्न गीते आठवड्याआठवड्याने पहिल्यांदा ऐकू आली. आबांनी ती पुढे चाळीतल्या रेडिओवाल्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्याबाहेर बसून ऐकली. आता ती त्यांना ऐकावी लागत नाहीत, आठवतात. सुरांचा नुसता टेकू लागतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, कोरा सदरा घालून आबा त्या डब्यापुढे बसले आणि त्यांनी आज्ञा केली. डब्यावर निळा दिवा लागला, डबा काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. आबांनी पुन्हा सांगितले. पुन्हा दिवा, पुन्हा पुटपुट, पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी आबांचा आवाज असा चढला की शेजारच्यांनी फराळाआधीच दार उघडले.

हे चार दिवस चालले. मी म्हटले, "त्यांचा स्वभावच तसा. समोरच्याचे ऐकून घ्यायचे नाही, आपलेच पुढे रेटायचे. डबा झाला म्हणून काय झाले?" घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस वर्षांचा अनुभव आमच्या बाजूने होता.

पुतणीने मान डोलावली नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसली, मोबाईल हातात घेतला आणि एकेक गोष्ट पाहू लागली. वीज येते आहे काय? येते आहे. वायफाय चालू आहे काय? चालू आहे, तरी तिने तो एकदा बंद करून पुन्हा लावला. ऐकणे बंद करण्याचे बटण चुकून दाबले गेले आहे काय? नाही, तांबडा दिवा नाही. ज्या कंपनीकडून गाणी येतात तिचे खाते जोडलेले आहे काय? आहे. तेच खाते दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवर त्याच वेळी गात नाही ना? कारण काही खात्यांवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे चालते. ब्लूटूथने डबा दुसऱ्याच कशाला जोडला जाऊन गाणे भलत्याच खोलीत तर वाजत नाही ना? आवाज शून्यावर तर नाही? प्रत्येक वेळी ती एकच गोष्ट बदलायची आणि मग आज्ञा करून पाहायची. मी अधीर होऊन म्हटले, "सगळे एकदम बदलून टाक ना!" ती म्हणाली, "काका, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चालू होईल कदाचित; पण कशाने चालू झाले ते कळणार नाही."

शेवटी तिने डब्याची वही उघडली. डब्याने काय ऐकले आणि काय उत्तर दिले याची नोंद मोबाईलवर राहते, हे मला माहीत नव्हते. त्या नोंदीत आबांची आज्ञा दर वेळी अगदी बिनचूक उतरली होती. डब्याने ऐकण्यात कसूर केली नव्हती. आणि दर आज्ञेखाली डब्याचे हिंदीतले उत्तर होते: या नावाचे अनेक संच सापडले, त्यांतला कोणता लावू? त्याखाली काही नाही. मग पुन्हा आज्ञा, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा काही नाही. चार दिवसांत डब्याने आबांना तीसएक वेळा नम्रपणे प्रश्न विचारला होता, आणि आबांनी एकदाही उत्तर दिले नव्हते.

"काका," ती म्हणाली, "डबा विचारतोय. आबा उत्तर का देत नाहीत?"

'स्वभाव' हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. कारण वायफायची चौकशी झाली होती, ब्लूटूथची झाली होती. आबांची कोणी केली नव्हती.

तिने केली. ती आबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आबा, चहा घेणार?" आबा खिडकीबाहेर पाहत होते, तसेच पाहत राहिले. मग ती समोर आली आणि होत्या त्याहून हळू आवाजात तेच म्हणाली. "घेईन की," आबा म्हणाले. मग तिथेच उभी राहून तिने ओढणी तोंडापुढे धरली आणि तिसऱ्यांदा तेच विचारले. आबांनी भुवया उंचावल्या. "काय?"

इथेही तिने एका वेळी एकच गोष्ट बदलली होती.

दिवाळीनंतर कानांची रीतसर तपासणी झाली आणि जे दिसले होते तेच कागदावर आले. साचेखात्यात धोटे अखंड आपटत असतात. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. अशा आवाजात वर्षे काढली की कान सगळाच एकदम जात नाही. आधी जातात उंच सूर. खालचे स्वर ऐकू येत राहतात. स, श, फ यांसारखी व्यंजने मात्र विरून जातात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही; आणि तो स्वतःही आपण बहिरे आहोत असे मानीत नाही, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात असे मानतो. त्यावर साचेवाल्यांनी उपायही शोधला होता. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर ओठ मोठे हलवून, ओठ वाचून बोलत. आबाही खात्यात तेच शिकले. सतरा वर्षांत ते ओठ इतके सराईतपणे वाचू लागले की आपण कानाने ऐकत नसून डोळ्यांनी ऐकतो आहोत याचा त्यांनाच विसर पडला. डब्यात सगळे होते. ओठ तेवढे नव्हते.

मग मागची कितीतरी कोडी आपोआप सुटू लागली. चाळीत आमची दहा बाय बाराची एक खोली होती. तिथे कोणी कोणाला पाठ करून बोलूच शकत नसे. सगळ्यांची तोंडे सगळ्यांना दिसत. पुनर्बांधणीत चाळ गेली, इमारत आली, आणि आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. तेव्हापासून आवाज भिंतीआडून येऊ लागले, स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, पडद्यामागून. आणि तेव्हापासूनच आम्ही म्हणू लागलो की नव्या घरात आल्यावर आबांना गर्व चढला, हाकेला ओ देत नाहीत. आम्हाला भिंती मिळाल्या त्याच दिवशी त्यांचे कान गेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डब्याशी आम्ही इतके समंजसपणे का वागलो आणि आबांशी का नाही? डबा गप्प बसला तेव्हा त्याने आपला अपमान केला असे कोणालाच वाटले नाही. माणूस गप्प बसला की वाटते. त्याच्या गप्प बसण्यात आपण आपली किंमत वाचतो. आणि किंमतीचा प्रश्न आला की शोध थांबतो. पी. एफ. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ साली एका व्याख्यानात याच भेदाचा विचार केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसांशी वागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत आपण त्यांच्यावर रागावतो, त्यांचे उपकार मानतो, त्यांना क्षमा करतो, कारण ती आपल्यासारखीच माणसे आहेत. दुसरीत आपण त्यांच्याकडे दुरून पाहतो, कारणे शोधतो, उपचार करतो, सांभाळून घेतो. दुसरी तऱ्हा कधी कधी आवश्यक असते. पण नेहमीच तिच्या आधाराने जगू लागलो तर आपण माणसांत राहिलोच नाही.

म्हणजे इथे एक खरी अडचण आहे. सोपा बोध असा निघाला असता की, माणसांशीही यंत्रासारखेच वागावे; रागावू नये, बिघाड शोधावा. पण मग जगात अपराध उरतच नाही. दारुड्याच्या पाठीमागे त्याचे बालपण सापडेल, लाचखाऊच्या पाठीमागे त्याचा पगार सापडेल. प्रत्येकाच्या वहीत शोधले तर काही ना काही कारण मिळेलच. मग कोणी कोणाला जाब विचारावा?

या अडचणीचे उत्तर मला आबांच्या कानांतच सापडले. आम्ही शोध घेतला तेव्हा दोष नाहीसा झाला काय? झाला नाही. तो फक्त चुकीच्या पत्त्यावरून उठून बरोबर पत्त्यावर गेला. आबांचा अपराध म्हणून जे आम्ही मानीत होतो तो बिघाड निघाला; पण त्या बिघाडाच्या पाठीमागे पुन्हा एक अपराध होता. शेकडो माणसांना सतरा सतरा वर्षे त्या आवाजात उभे करावयाचे आणि कानांत घालायला कापसाचा बोळाही द्यावयाचा नाही, हा बिघाड नव्हे. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा कारखान्यांच्या नियमांत आली, गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या परिशिष्टात धंद्याचा रोग म्हणून नोंदलाही गेला. पण आबांच्या खात्यात कोणी कान तपासायला आल्याचे त्यांना आठवत नाही. आणि दोषाचा आणखी एक तुकडा आमच्या दारात येऊन पडला. चाळीस वर्षे ज्यांनी एकदाही विचारले नाही, त्यांच्या. तेव्हा शोध हा न्यायाचा शत्रू नव्हे. शोधाशिवाय न्याय म्हणजे पत्ता न पाहता टाकलेले पत्र.

माझे स्वतःचे एक पत्र असेच भटकत होते. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी धावत आलो आणि दारातूनच म्हणालो, "आबा, पास झालो." आबा पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी मान वळवली नाही. मी तसाच परत जिना उतरलो, आणि ती पाठ मी पुढची पस्तीसहून अधिक वर्षे मनात बाळगली. तपासणीचा कागद हाती आल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसलो आणि त्या दिवसाबद्दल विचारले. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"तुझ्या आईकडून कळलं मला, दिवेलागणीला," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगं शिकलं, आता बापाला सांगावंसं वाटत नाही."

म्हणजे आरोपपत्रे दोन होती, आणि दोन्ही एकाच धोट्याच्या आवाजाने लिहिलेली होती.

इथे लेख संपवता आला असता, आणि दिवाळीच्या दिवसांत तो गोडही झाला असता. पण आबांनी तो तसा संपू दिला नाही. मी भरल्या गळ्याने म्हणालो की, आबा, आम्ही उगाच तुम्हाला बोल लावला. तुमची चूक नव्हती, सगळे त्या कानांचे होते. त्यावर त्यांना बरे वाटेल अशी माझी अपेक्षा. त्यांचा चेहरा उलट कठोर झाला.

"सगळं कानांचं नव्हतं," ते म्हणाले. "संपात तुझी आई विचारायची, गावी जायचं का? घरात दाणा नव्हता. ती समोर बसलेली, दिवा लागलेला, ओठ स्वच्छ दिसत होते. शब्द न् शब्द कळला होता मला. उत्तर नव्हतं म्हणून भिंतीकडे बघत बसलो. एकदा नाही, किती रात्री. ते साच्यावर घालू नकोस. ते माझं आहे."

आई जाऊन सात वर्षे झाली. आबांच्या न ऐकण्यातला कोणता भाग कानांचा होता आणि कोणता मनाचा, हे तिला कधीच कळले नाही. तिने सगळेच मनाचे धरले असेल, की सगळेच सोडून दिले असेल, तेही आता विचारता येत नाही.

पण आबांच्या त्या बोलण्याने माझ्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर पुरे केले. डब्याची वही आम्हाला उघडावी लागली, कारण डब्याला विचारता येत नव्हते. आबांना विचारता येत होते. यंत्रातला बिघाड दुसऱ्याने शोधावा लागतो. माणूस मात्र स्वतःच्या वहीवर बोट ठेवून सांगू शकतो की, ही ओळ माझी नव्हे, आणि ही माझी. ते सांगण्याचा त्याचा हक्क आपण दोन प्रकारांनी हिरावून घेतो. न शोधता दोष देऊन तर घेतोच. पण शोध लागल्यावर सगळा दोष माफ करून टाकूनही घेतो. आम्ही पहिला अन्याय चाळीस वर्षे केला, आणि त्याची भरपाई म्हणून दुसरा करायला निघालो होतो. निर्दोष ठरवले जाणे हा मान असेलच असे नाही. निर्दोष तर डबाही असतो.

म्हणून मला आता एवढेच म्हणावेसे वाटते. माणूस अडला, चुकला, गप्प बसला, की आधी त्याच्या वाट्याला निदान तेवढी चौकशी यावी जेवढी आपण वायफायची करतो: वीज आहे काय, तार जोडलेली आहे काय, आपले बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचते आहे काय. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, आणि बदलण्याच्या गोष्टींच्या यादीत आपले स्वतःचे नावही असावे. हे सगळे झाल्यावर जे उरेल, त्याबद्दल त्याला समोर बसून विचारावे, आणि तो जे आपले म्हणेल ते त्याचे राहू द्यावे.

डब्याची गोष्ट सांगायची राहिली. पुतणीने त्याला शिकवून ठेवले की, आबांनी अमुक दोन शब्द म्हटले की काही न विचारता ठरलेला संच लावावयाचा. आता पहाटे तो बिनतक्रार गातो. आबांना कानयंत्रही आणले आहे. ते त्यांना आवडत नाही, भांड्यांचा आवाज फार येतो म्हणतात आणि काढून ठेवतात. मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. काही सांगायचे असले की हातातले काम ठेवतो, दुसऱ्या खोलीत जातो, त्यांच्या समोर उभा राहतो, आणि मग बोलतो. अंतर पंधरा पावलांचे आहे.